इवल्या पेनाचे वय

बोटभर लांबीचे, टोपणाला कडी असलेले एक काळे फाउंटनपेन आमच्याकडे आले, तेव्हा विकणाऱ्याने ते '१८८४ चे' म्हणून दिले होते. नळीवर भिंगातून तीन साले दिसत होती : १८८४, १८९९ आणि १९०३. जुन्या पेनांच्या नादी लागलेला बहुतेक जण इथेच फसतो. ही साले पेनाची नव्हेत, पेटंटांची. लुइस एडसन वॉटरमन यांना अमेरिकेत १८८४ मध्ये निबेखालच्या जिभेचे पेटंट मिळाले. जिभेवरच्या बारीक चिरांतून शाई केशाकर्षणाने निबेकडे येते व तेवढीच हवा आत जाते. छापलेल्या शेवटच्या सालाआधीचे पेन असू शकत नाही, इतकेच त्या सालांवरून ठरते.

आमच्या पेनाच्या अंगाला शाई ओढण्याची तरफ होती. तरफेचे पेटंट वॉल्टर शेफर यांचे, १९०८ चे. वॉटरमनने तरफेची पेने आणली १९१५ मध्ये. म्हणजे आपण एका झटक्यात ३१ वर्षे पुढे आलो! बुडावरचा '५२½व्ही' हा आकडाही बोलका आहे. ५ म्हणजे तरफ, २ हा निबेचा क्रमांक, ½ म्हणजे सडपातळ अंग, आणि 'व्ही' म्हणजे जाकिटाच्या खिशात मावणारे. आकड्याआधी ४ असता तर वर चांदीचे आवरण असते. कडीचे पेन स्त्रिया फितीने गळ्यात अडकवीत.

वॉटरमनने याहून लहान, जेमतेम ४ सेंटिमीटरचे पेनही केले. संग्राहक त्याला बाहुलीचे पेन म्हणतात. ते शोभेचे नव्हे. ड्रॉपरने शाई भरली की लिहिते. मात्र सर्व मापे निम्मी केली की शाई मावते एक-अष्टमांश, आणि कागदावरची रेघ काही त्या प्रमाणात बारीक होत नाही. चार ओळींत पेन कोरडे! घनफळाच्या धड्याला हे उदाहरण चांगले.

पेन कशाचे आहे हे नाकाने कळते. एबोनाइट म्हणजे भरपूर गंधक घालून कडक केलेले रबर. अंगठ्याने जोरात घासले की गंधकाचा वास येतो. सेल्युलॉइड असेल तर कापराचा. शेफर कंपनीने सेल्युलॉइडची पेने १९२४ मध्ये आणली, तेव्हा वासातूनही काळाचा अंदाज येतो. (काडी लावून परीक्षा कोणी करू नये. सेल्युलॉइड भडकन पेटते.)

हे सगळे ठाऊक असून आम्ही एक चूक केलीच. वाळलेली शाई सुटावी म्हणून ते पेन रात्रभर पाण्यात बुडवून ठेवले. सकाळी पाहतो तो काळ्याचे मातकट तपकिरी झालेले! वर्षानुवर्षांच्या उजेडाने पृष्ठभागावरच्या गंधकाचे ऑक्सिडीकरण झालेले असते. वरवर काळे दिसणारे एबोनाइट पाणी लागताच ते उघडे पाडते. रसायनशास्त्राची पदवी घेतलेल्यांना हे आधी सुचायला हवे होते. आता आम्ही निबेचे टोक तेवढे थंड पाण्यात धरतो, आणि पेने अंधाऱ्या खणात ठेवतो.

पॉलिश केले तर काळेपणा परत येईल, पण वरचा थर घासला जाऊन ती तीन साले पुसट होतील. म्हणून ते पेन तपकिरीच राहू दिले आहे.