भातामागचा वाल

मुलुंडांत आज राहणाऱ्या कुटुंबांस आपल्या पायाखालीं एके काळीं भातखाचरें होतीं याची आठवण क्वचितच असते. १९५७ सालीं बृहन्मुंबईची हद्द येथवर आली; तत्पूर्वीं हा गांव ठाणें जिल्ह्याचा होता. पावसाळ्यांत भात आणि कापणीनंतर जमिनींत उरलेल्या ओलीवर वाल, हा या प्रांतींच्या शेतकऱ्याचा जुना परिपाठ. त्यांत शास्त्र तें काय, असें सुशिक्षितांस फार दिवस वाटत आलें.

त्याच शेतकऱ्याची दुसरी चाल राबाची. रोपांच्या जागेवर शेण, पालापाचोळा व फांद्या पसरून जाळावयाच्या. फांद्यांच्या पायीं जंगलखातें आणि रयत यांच्यांत तंटा माजला, व ठाणें-कुलाब्याची गाऱ्हाणीं ऐकण्यास मुंबई सरकारनें १८८५ सालीं कमिशन नेमलें. राबानें तण मरतें, राख मिळते, हें खरें. परंतु शेणांतील नायट्रोजन मात्र धुराबरोबर हवेंत जातो. म्हणजे एकच शेतकरी एका हातानें नायट्रोजन उधळीत होता आणि दुसऱ्या हातानें, न कळत, सांठवीत होता.

हा दुसरा हात कोणता, हें जर्मनींत हेल्रीगेल यांनीं १८८६ सालीं उघड केलें. शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवरील गांठींत सूक्ष्म जंतु राहतात व ते हवेंतील नायट्रोजन पिकास उपयोगी करून देतात. पुढें १८८९ सालीं डॉ. व्होल्कर हिंदुस्थानांत आले. त्यांच्या १८९३ च्या अहवालांत येथील रयतेच्या शेतीज्ञानाची मोकळ्या मनानें वाखाणणी आहे.

यानंतर काळ पालटला. हाबर यांनीं १९०९ सालीं हवेंतील नायट्रोजनापासून प्रयोगशाळेंत अमोनिया केला. १९१३ सालीं ओप्पाउ येथें त्याचा कारखाना निघाला. आणि १९६५ सालीं ट्रॉम्बे येथें खतांचा कारखाना चालू झाला. शंभर किलो युरियांत ४६ किलो नायट्रोजन! मग वालाची पर्वा कोण करणार?

आम्हांस येथें जुन्याचा पोवाडा गावयाचा नाहीं. वालाच्या दाण्यांबरोबर बराचसा नायट्रोजन शेताबाहेर जातो. रोपें मुळांसकट उपटून नेलीं, तर जमिनीस फारसें कांहीं उरत नाहीं. केवळ वालावर भाताची पुरी भूक भागत नाहीं, हेंही कबूल केलें पाहिजे. परंतु उलट बाजूही आहे. भरल्या खाचरांत एकदम ओतलेल्या युरियाचा मोठा भाग वायुरूपानें उडतो किंवा पाण्याबरोबर वाहून जातो. शिवाय अति नायट्रोजनानें भात लोळतो व त्यावर कीड वाढते. म्हणून वालाचीं मुळें व पाला शेतांतच ठेवावा, त्याची ठेव हिशेबांत धरून युरिया तितका कमी करावा, आणि उरलेला हप्त्यांनीं द्यावा, हाच शहाणपणाचा मार्ग.

मुलुंडांत आतां खाचरें नाहींत. मात्र कर्जत-शहापुराकडे भातामागें वाल अजून दिसतो. आमच्या ताटांतील बिरडें तेथूनच येतें. स्वस्त गोणीच्या मोहानें तो वाल मोडला, तर ताटांतला पदार्थ दुसरीकडून आणतां येईल. जमिनीची ठेव मात्र आणतां येणार नाहीं.