तीन सूत

पंचेचाळिशीच्या सुमाराला माणसाला काहीतरी पाळावंसं वाटू लागतं. तोवर तो नुसतं पथ्य पाळत असतो, कचेरीची वेळ पाळत असतो, मोठ्यांचा शब्द पाळत असतो. या पाळण्यात गंमत अशी की, पाळलेली वस्तू डोळ्यांना कधी दिसत नाही. मग कुणी कुत्रा आणतो, कुणी काचेच्या पेटीत मासे सोडतो. मी मधमाश्या पाळायचं जाहीर केलं, तेव्हा स्वयंपाकघरातून पहिला प्रश्न आला तो असा : "काय धाड भरलीय तुम्हाला?"

आता आम्ही राहतोच धाडला. बुलढाणा तालुक्यातलं, भोकरदनच्या रस्त्यावरचं हे गाव. इथं वऱ्हाड संपत येतं आणि मराठवाड्याची चाहूल लागते. गावाचं नाव ऐकून परगावच्या माणसाला वाटतं, इथं रोज कुठंतरी छापा पडत असणार. तसं काही नाही. बाजाराचा दिवस सोडला तर गाव शांत असतं. पण मधाच्या बाबतीत मात्र नाव सार्थ आहे. मध मिळवायचा म्हणजे धाड घालायची, एवढंच इकडे ठाऊक. उंच फांदीला आग्या मव्हाळ दिसलं की अंधारी रात्र बघायची, पलिता पेटवायचा, माश्या जाळायच्या किंवा पळवायच्या आणि पोळं बादलीत उतरवायचं. पेटीचा विषय काढला तेव्हा आमच्या बँकेतले शिपाईमामा गंभीरपणे म्हणाले, "साहेब, मव्हाळ काय पाळायची गोष्ट हाये का? मव्हाळ झाडायची गोष्ट हाये."

मामांचं म्हणणं इतिहासाला धरून आहे. सातपुड्यात पचमढीच्या गुहांमधून मध काढणाऱ्या माणसांची जुनी चित्रं आहेत, तीही याच धाडीची. आणि यात आपणच रानटी, असंही समजायचं कारण नाही. युरोपात शेकडो वर्षं गवती टोपल्यांत माश्या ठेवीत, पण मध काढायची वेळ आली की गंधकाचा धूर देऊन टोपलीतली सगळी वसाहत मारून टाकीत. ठेवीदाराला ठार केल्याशिवाय ठेव मोडता येत नाही, असा तो कारभार. आमच्या धंद्यात इतकं कुणी करत नाही.

आमच्या जिल्ह्यात मधमाशी म्हटली की आणखी एक आठवण निघते, ती शेगावची. दासगणूंच्या 'श्रीगजाननविजय' पोथीत आहे : बंकटलालाच्या मळ्यात मंडळी कणसं भाजायला जमली, धूर वर गेला, चिंचेवरचं मोहोळ उठलं आणि भक्तमंडळी पळाली. गजानन महाराज तेवढे बसून राहिले. मग काटे उपटायला सोनार चिमटा घेऊन आला, तर महाराजांनी श्वास रोखला आणि काटे आपोआप वर आले. भाविकांनी यातून घ्यायचं ते घ्यावं. मधमाश्या पाळू इच्छिणाऱ्याने एवढंच घ्यावं की, त्या मळ्यात हातपाय न झाडणारा माणूस एकच होता. मधपाळांना आजही पहिला धडा तोच देतात : पेटीपाशी हात झटकू नका, पळू नका. (दुसरा धडा असा की, काटा चिमटीत धरून पिळायचा नाही, नखाने खरवडून लगेच काढायचा. आणि अंगावर पित्त उठलं, दम लागला, तर इतिहास बाजूला ठेवून दवाखाना गाठायचा.)

घरातल्या प्रश्नाला उत्तर शोधायचं म्हणून मी वाचायला बसलो. वाणिज्य शाखेच्या माणसाला इतिहास म्हणजे मागच्या वर्षाचा ताळेबंद, त्यापलीकडे सवय नाही. पण इथं एक मजेदार गोष्ट सापडली. मधमाशीपालनाची ही विद्या ज्यांनी उभी केली, त्यांतले बहुतेक मधाचे व्यापारी नव्हतेच. कुणी पाद्री, कुणी फौजी, कुणी तार खात्यातला. सगळे आपापली नोकरी सांभाळून बाकीच्या वेळात माश्यांपुढे बसणारे. म्हणजे ज्यांना घरी कुणीतरी "काय धाड भरलीय?" असं नक्की विचारलं असेल, अशीच माणसं.

सुरुवात राजापासून करू. अॅरिस्टॉटलपासून पंडितांनी ठरवून टाकलं होतं की, मोहोळात जो मोठा असतो तो राजा. सगळी प्रजा ज्याच्याभोवती फिरते तो पुरुषच असणार, याबद्दल या पुरुषांना शंका नव्हती. जवळजवळ दोन हजार वर्षं हा राजा गादीवर होता. 1609 साली चार्ल्स बटलर या इंग्रज पाद्रीने पुस्तक लिहून सांगितलं की, बाबांनो, ही राणी आहे. पुढे त्याच शतकात हॉलंडच्या स्वॅमरडॅमने भिंगाखाली चिरफाड करून राजाच्या पोटात अंडाशय दाखवलं, तेव्हा वाद मिटला. एक गोष्ट मात्र बटलरलाही पुरती कळली नसावी. राणी हुकूम सोडत नाही. ती अंडी घालते, हंगामात दिवसाला हजार-दीड हजार. बाकी कामाचं कामकरी माश्या आपसात ठरवतात. अंडी घालणं मंदावलं की त्याच कामकरी नवी राणी वाढवायला घेतात. बदलीचा अर्ज नाही, निरोपसमारंभ नाही, शाल-श्रीफळ नाही.

मग येतो फ्रान्स्वा ह्यूबर, जिनिव्हाचा. या माणसापाशी मी बराच वेळ थांबलो. 1750 चा जन्म. पंधरा-सोळाव्या वर्षापासून दृष्टी जाऊ लागली आणि पुढे पूर्ण अंधत्व आलं. मुलीच्या वडिलांनी अशा जावयाला साफ नकार दिला. मुलगी सज्ञान होईपर्यंत थांबली आणि मग तिने त्याच्याशीच लग्न केलं. बायको आणि ब्यूर्नां नावाचा गडी, हे त्याचे डोळे. ह्यूबरने प्रश्न काढायचा आणि ब्यूर्नांने पेटीत बघून उत्तर आणायचं. एकदा ह्यूबरला शंका आली की काही कामकरी माश्याही अंडी घालतात. मग ब्यूर्नांने पेटीतली एकेक माशी बोटांत धरून तपासली. या कामाला अकरा दिवस लागले. चावे किती बसले असतील याचा अंदाज वाचकांनीच करावा. मी मार्चअखेरीला अकरा दिवस एकेक व्हाउचर तपासणारी माणसं पाहिली आहेत, पण व्हाउचर डसत नाही. 1792 मध्ये ह्यूबरचं पुस्तक आलं. त्याने पुस्तकाच्या पानांसारखी उघडणारी एक पेटीही केली होती. डोळस लोक टोपली उलटी करून माश्या मारत होते त्या काळात, पोळ्यांची पानं उलटून वाचायची कल्पना एका अंधाला सुचली.

आता ज्याच्यासाठी लेखाला हे नाव दिलं, त्या गोष्टीकडे येतो. गावातल्या सुताराकडे मी पेटीचं माप घेऊन गेलो, तेव्हा मिलिमीटर ऐकून तो बिचारा अवघडून उभा राहिला. मग मी म्हणालो, "चौकट आणि पेटीची भिंत, मध्ये तीन सूत जागा." त्याचा चेहरा उजळला. इंचाचे आठ सूत, हे त्याच्या हाताला पाठ आहे. "तीन सूतच? तीन सूतांत काय व्हते?" असं त्याने विचारलं. याचं उत्तर अमेरिकेतल्या लँगस्ट्रॉथ नावाच्या पाद्रीने 1851 मध्ये दिलं. हा माणूस खिन्नतेच्या आजाराने गांजलेला. चर्चमधलं प्रवचन झेपेनासं झालं की माश्यांकडे वळायचा. त्याच्या ध्यानात आलं की, मोहोळात माश्या एका विशिष्ट रुंदीची वाट नेहमी मोकळी सोडतात, सुमारे तीन अष्टमांश इंच. जागा याहून कमी पडली तर त्या डिंकासारख्या लांब्याने बुजवतात. जास्त झाली तर तिथं पोळं बांधतात. नेमकी तीन सूत ठेवली तर ती त्यांची बोळ. तिथं कुणी अतिक्रमण करत नाही! आमच्या गावातला रस्ता आणि ओटे पाहिलेल्या माणसाला यावर विश्वास ठेवणं जड जातं.

या तीन सुतांनी धाड संपवली. कारण आता चौकट कुठंच चिकटत नव्हती. अलगद वर उचलायची, बघायची, पुन्हा ठेवायची. मध काढायला माश्या मारायची गरजच उरली नाही. 1852 मध्ये लँगस्ट्रॉथने पेटंट घेतलं, लोकांनी ते बिनदिक्कत चोरलं आणि त्याच्या हाती मुख्यतः मनस्ताप आला. पुढे 1865 मध्ये ह्रुश्का नावाच्या ऑस्ट्रियन फौजेतल्या मेजरने पोळं गरागरा फिरवून मध बाहेर काढायचं यंत्र दाखवलं. त्याच्या पोराने पोळ्याचा तुकडा बादलीत ठेवून बादली डोक्याभोवती फिरवली, त्यावरून त्याला हे सुचलं असं सांगतात. खरं असो, खोटं असो. पोराला रागावण्याआधी बादलीत डोकावणारा बाप म्हणून मला मेजर आवडतो. मध गेला तरी मेण शाबूत राहतं, पोळं परत पेटीत जातं आणि माश्यांचं नव्याने घर बांधायचं कष्ट वाचतं.

हिंदुस्थानात ही पेटी आणायची खटपट केली ती तार खात्यातल्या डग्लस साहेबाने. 1884 मध्ये कलकत्त्यातून त्याचं मधमाशीपालनावर पुस्तक निघालं. ते वाचलं आणि खुर्चीत जरा ताठ बसलो. कारकुनीला पूर्वज मिळाला! पण साहेबी पेटी आपल्या सातेरी माशीला ढगळ व्हायची. सातेरी अंगाने लहान, तिची वसाहतही लहान. तिच्या मापाची पेटी 1911 ते 1917 च्या दरम्यान दक्षिणेत फादर न्यूटन यांनी बसवली. पुन्हा पाद्रीच. या धंद्यात पाद्री इतके का, याचा मी विचार केला. त्यांना रविवार सोडून सहा दिवस मोकळे असतात, आम्हाला उलटं.

आपल्याकडे हे लोण आलं ते ग्रामोद्योगाच्या वाटेने. डिसेंबर 1934 मध्ये गांधीजींनी अखिल भारत ग्रामोद्योग संघ काढला, तो आमच्या विदर्भातच, वर्ध्याच्या मगनवाडीत. घाणी, हातकागद यांच्या पंगतीत मधमाशीही बसली. पोळं पिळलं की मधाबरोबर अळ्या पिळल्या जातात. जैनांनी मध वर्ज्य मानला तो या हिंसेपायीच. पेटीतला मध या दोषातून सुटतो, हे त्या मंडळींना मोलाचं वाटलं. सरकारी पातळीवर कामाने मूळ धरलं ते मात्र महाबळेश्वरला, 1946 मध्ये. जांभूळ, हिरडा, गेळा आणि सात-आठ वर्षांनी एकदा फुलणारी कारवी, असा तिथला फुलोरा. शिवाय रानात सातेरी होतीच. तेव्हा आम्ही मध्यप्रांत-वऱ्हाडात आणि महाबळेश्वर मुंबई इलाख्यात, त्यामुळे तो मध आमच्या हद्दीत यायला 1956 उजाडलं. 1962 मध्ये पुण्याला केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था निघाली. त्याच सुमाराला कांगड्यातल्या नगरोट्याला युरोपीय माशी, मेलिफेरा, रुजली. मैदानी मुलखात आज ज्या पेट्या दिसतात, त्यांत बहुतेक हीच असते. 2022 च्या मे महिन्यात महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं.

धाड मधाचं गाव होणार नाही. इथं जांभळाची राई नाही की कारवी नाही. पण आमच्या जिल्ह्यात कांद्याचं बियाणं पिकतं, आणि कांद्याच्या पांढऱ्या गोंड्यांत बी धरायला माशी लागते. फेब्रुवारी-मार्चात गोंडे फुलले की शेतकरी हवालदिल होतो, कारण माश्या पूर्वीसारख्या येत नाहीत. आग्या मव्हाळं झाडली गेली, बांधावरची झाडं तुटली आणि फवारणी तर भर फुलोऱ्यात चालू असते. मग कुणी गोंड्यांवरून हात फिरवतो, कुणी माश्यांना बोलावणं म्हणून गुळाचं पाणी शिंपडतो. कर्जाच्या कामासाठी येणारा एक शेतकरी माझ्या पेटीबद्दल ऐकून खिडकीशी म्हणाला, "साहेब, मध तुमचा तुम्हाला ठेवा. पेटी फक्त महिनाभर माह्या वावरात आणा." एरवी सगळे "किती मध निघतो?" एवढंच विचारतात. मध बाजूला ठेवून माशी मागणारा हा पहिला भेटला, आणि त्याला हे फादर न्यूटनने नव्हे, पोकळ निघालेल्या गोंड्यांनी शिकवलं होतं.

आता ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी थोडं. खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या मधकेंद्र योजनेत निम्मं अनुदान आणि निम्मे पैसे आपले, आधी दहा दिवसांचं प्रशिक्षण. प्रशिक्षण टाळून नुसतं अनुदान घ्यायचा विचार अनेकांच्या मनात येतो; माश्यांना तो लगेच समजतो. पेटी सावलीत, दार पूर्वेकडे. पेटीचे पाय पाण्याच्या वाट्यांत, नाहीतर मुंग्या चढतात. पिण्याचं पाणी जवळ, त्यात टेकायला खडे. जाळीचा बुरखा आणि धुराचं यंत्र हवंच. पेटीजवळ केळं खाऊ नये : डसलेल्या माशीच्या अंगातून इतर माश्यांना बोलावणारा जो वास सुटतो, तो पिकल्या केळ्यासारखा असतो. आणि पहिल्या वर्षी मधाचं नाव काढू नये. एक कामकरी माशी जन्मभर राबून चहाच्या चमच्याचा जेमतेम बारावा हिस्सा मध करते. हा व्याजदर ऐकल्यावर चमचा चाटताना मी थांबू लागलो.

खरी कसोटी होळीनंतर. एप्रिल-मे मध्ये धाडच्या रानात फूल शोधून सापडत नाही, पारा चढलेला असतो, आणि माश्यांच्या साठ्यातला मध आपण आधीच काढून घेतला असेल तर त्या उपाशी मरतात किंवा पेटी सोडून जातात. म्हणून वरची चौकट त्यांना सोडायची, पेटीवर ओलं पोतं टाकायचं आणि साखरेचा पाक द्यायचा. आमच्या पेटीचा पाक परसातल्या लिंबाखाली मीच ठेवतो. साखरेचे डबे मात्र घरात आता दोन झाले आहेत. एकावर 'चहा' लिहिलंय, दुसऱ्यावर 'धाड'. महिन्याच्या किराण्यात दुसरा डबा आधी भरला जातो, आणि तो मी भरत नाही.