खेळाडूचा करार : सन १९५२ मधील एक प्रकरण

वऱ्हाडात सालदाराचे साल पाडव्याला ठरते. रोख किती, धान्य किती, याची बोली आधी होते. न पटल्यास सालदार दुसरे घर पाहतो. मालक कुरकुरतो, परंतु सालदाराचा हा हक्क नाकारीत नाही. खेळाडूने अशी बोली केली असता मात्र तिला लोभ म्हणण्याची रीत आहे. ही रीत कितपत न्याय्य आहे, हे ठरविण्यास विनू मंकड यांचे प्रकरण उद्बोधक आहे.

फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रास येथे भारताने इंग्लंडवर पहिला कसोटी विजय मिळविला. त्यात मंकडांनी १०८ धावांत १२ बळी घेतले होते. त्याच उन्हाळ्यात भारतीय संघ इंग्लंडला जावयाचा होता आणि मंकडांना लँकेशायर लीगमधील हॅस्लिंग्डन क्लबाचे बोलावणे होते. संघातील निवड निश्चित असल्यास आपण ते नाकारू, असे त्यांनी नियामक मंडळास कळविले. मंडळाने आश्वासन दिले नाही. मंकडांनी क्लबाशी करार केला. लीड्सच्या पहिल्या कसोटीत दुसऱ्या डावातील भारताचे पहिले चार गडी शून्य धावसंख्येवर बाद झाले. पुढे क्लबाच्या संमतीने मंकड लॉर्ड्सवर खेळले. त्यांनी ७२ व १८४ धावा काढल्या, ७३ षटके टाकून एका डावात ५ बळी घेतले. तरीही सामना भारताने गमावला.

मंडळाची बाजू अगदीच लटकी नव्हती. एकास आगाऊ वचन देणे म्हणजे इतर उमेदवारांची जागा आधीच अडविणे होय. परंतु वचन न देता खेळाडूने मात्र हातचे उत्पन्न सोडून वाट पाहावी, या अपेक्षेत सारी जोखीम एकाच पक्षाच्या माथी येते. येथे एक भाषिक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ‘मानधन’ किती द्यावयाचे, हे देणारा ठरवितो. ‘करार’ उभयपक्षी असतो. मूळ अरबी ‘करार’ शब्दाचा अर्थच स्थिरता, निश्चिती. मंकडांनी अधिक द्रव्य मागितले नव्हते. त्यांनी मागितली ती निश्चिती.

इंग्लंडातील फुटबॉलमध्येही हाच प्रश्न उपस्थित झाला. करार संपल्यावरही क्लबास खेळाडू अडवून ठेवता येत असे. १९६० मध्ये जॉर्ज ईस्टहॅम यांनी न्यूकॅसलशी नवा करार करण्याचे नाकारले आणि १९६३ मध्ये न्यायालयाने ही पद्धती व्यवसायस्वातंत्र्यावरील गैरवाजवी बंधन ठरविली.

अमरावतीस १९१४ मध्ये स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने निरपेक्ष व्यायामसेवेचा आदर्श घालून दिला, याचा वऱ्हाडास रास्त अभिमान आहे. तथापि सेवा ही स्वेच्छेने पत्करावयाची असते. ज्याची उपजीविका खेळावर आहे, त्याच्यावर ती लादता येत नाही. अशा खेळाडूने करारापूर्वी अडून बसणे हा त्याचा हक्क होय. करारानंतर शब्द पाळणे हे त्याचे कर्तव्य होय. मंकडांनी आपली अट आधी आणि उघडपणे सांगितली, आणि पुढे क्लबास दिलेला शब्द न मोडता ते देशासाठी खेळले. पाडव्यापूर्वी बोली आणि पाडव्यानंतर काम, हा सालदाराचा न्याय खेळाडूसही लागू करावयास हरकत नसावी.