वामनदादांच्या गाण्यातला ‘मी’ कोण? अर्थ लावताना लक्षात ठेवायच्या गोष्टी

भाईंदर पश्चिमेला उत्तनकडे जाणाऱ्या रस्त्यावर राई, मुर्धे, मोरवा अशी गावे लागतात. मोरव्यात जयंतीच्या आधी गाण्यांची तालीम चालू असताना एका मुलाने आम्हाला विचारले, “गाण्याच्या शेवटी वामन वामन येतं, तो स्वतःचं कौतुक करतो का? आणि बाबासाहेबांना ‘तू’ कसा काय म्हणतो?” प्रश्न साधा होता, पण आम्हा मोठ्यांपैकी कोणालाच धड उत्तर देता आले नाही. ज्या गाण्यांवर आम्ही वाढलो, त्यांचा अर्थ आम्ही कधी नीट पाहिलाच नव्हता. म्हणून हे टिपण.

वामनदादा कोण होते

महाकवी वामनदादा कर्डक यांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ रोजी नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यात देशवंडी येथे झाला. १५ मे २००४ रोजी ते कालकथित झाले. वडील लवकर गेले. पोटासाठी ते मुंबईला आले आणि शिवडीच्या बीडीडी चाळीत राहिले. गिरणीत, कोळशाच्या वखारीत, रस्त्यावर फेरी करून, मिळेल ते काम त्यांनी केले. पहिला संसार मोडला आणि लहान मुलगीही गेली.

त्यांना शाळा मिळाली नव्हती. कोणीतरी त्यांच्याकडे पत्र वाचायला दिले, ते वाचता आले नाही आणि त्यांना रडू कोसळले, ही आठवण प्रसिद्ध आहे. पुढे देहलवी मास्तरांनी त्यांना अक्षरओळख करून दिली. दुकानांच्या पाट्या वाचत वाचत ते वाचायला शिकले. ३ मे १९४३ रोजी त्यांनी पहिले गाणे रचले, तेही एका हिंदी गाण्याच्या चालीवरचे विडंबन. त्यानंतर साठ वर्षे ते लिहीत आणि गात राहिले. ‘वाटचाल’, ‘मोहळ’ आणि ‘हे गीत वामनाचे’ हे त्यांचे संग्रह.

एक गल्लत नेहमी होते. जलसाकार भीमराव कर्डक आणि वामनदादा कर्डक या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत. भीमराव हे आंबेडकरी जलशाच्या आधीच्या पिढीतले. एकाच्या आठवणी दुसऱ्याच्या नावावर खपवू नयेत.

शेवटच्या कडव्यातले नाव

गाण्याच्या शेवटी कवीने आपले नाव गुंफण्याला नाममुद्रा म्हणतात. तुकोबांचे ‘तुका म्हणे’ आपल्याला पाठ असते. कबीरही आपल्या पदांत नाव घालतात. ज्या काळात गाणे कागदावर कमी आणि तोंडातोंडी जास्त फिरत होते, त्या काळात नाव हीच सही होती. वामनदादांनी हीच रीत पुढे चालवली. म्हणजे त्या मुलाच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. हे मिरवणे नव्हे, ही सही आहे.

पण ती नुसती सहीसुद्धा नाही. नाव आले की बोलणारा माणूस समोर उभा राहतो. तोपर्यंत गाणे समाजाला काही सांगत असते. नावाच्या ओळीत कवी स्वतः त्या समाजात येऊन बसतो. उपदेश असेल तर तो त्यालाही लागू होतो, दोष असेल तर त्यातला वाटा तोही उचलतो.

‘तू’ का म्हटले

मराठीत आईला, विठोबाला आणि जिवलगाला आपण ‘तू’ म्हणतो. ओवीत ‘तू’ असतो, अभंगात असतो, अंगाईतही असतो. सभेत ज्यांना ‘आपण’ म्हणायचे, त्यांना गाण्यात ‘तू’ म्हणता येते. वामनदादा बाबासाहेबांना एकेरी हाक मारतात ती लेकराने मायबापाला मारावी तशी. त्यात अनादर नाही, हक्क आहे. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला गेला, त्यांच्यातला एक जण आपल्या उद्धारकर्त्याला इतक्या जवळून हाक मारतो. ही जवळीक हाच त्या गाण्याचा अर्धा अर्थ आहे.

जीवन आणि गाणे: किती जोडायचे?

वामनदादांच्या वाट्याला आलेले दुःख कळले की प्रत्येक ओळीत ते शोधण्याचा मोह होतो. मुलगी गेली म्हणून हे लिहिले, बायको सोडून गेली म्हणून ते लिहिले, असे आपण पटकन म्हणतो. इथे जपून राहावे. त्यांनी चित्रपटांसाठीही गाणी लिहिली. १९५९ च्या ‘सांगत्ये ऐका’मध्ये त्यांचे गीत आहे. तिथला ‘मी’ कथेतल्या पात्राचा, कवीचा नव्हे. लोकगीताच्या बाजाच्या शृंगारिक गाण्यातला ‘मी’ही तसाच.

उलट, वैयक्तिक काहीच नाही असे म्हणणेही चूक. उपाशी माणूस, न शिकलेला माणूस, गाव सोडून चाळीत आलेला माणूस वामनदादांना पुस्तकातून भेटला नव्हता. तो माणूस ते स्वतः होते. म्हणूनच त्यांच्या गाण्यात ‘मी’ आणि ‘आम्ही’ यांच्यात भिंत उभी करता येत नाही.

शेजारचे उदाहरण अण्णाभाऊ साठे यांच्या ‘माझी मैना’ या छक्कडीचे. वरवर पाहता ती गावाकडे राहिलेल्या प्रियेची आठवण. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मात्र ऐकणाऱ्यांना त्यातून बेळगाव, कारवार, निपाणीची ताटातूट ऐकू आली. दोन्ही अर्थ खरे, आणि एकाने दुसरा खोटा ठरत नाही.

आपल्या धम्मातही हे नवे नाही. थेरगाथा आणि थेरीगाथा हे खुद्दक निकायातले ग्रंथ भिक्खू-भिक्खुणींच्या स्वतःच्या बोलांचे आहेत. पटाचारा आणि किसा गोतमी या पोटच्या लेकरांना मुकलेल्या स्त्रियांच्या गाथा त्यात आहेत. तिथे दुःख लपवलेले नाही, पण ते स्वतःपुरते ठेवलेलेही नाही. ऐकणाऱ्याला त्यात स्वतःचे दुःख ओळखता यावे, अशी त्यांची मांडणी आहे. वामनदादांची गाणी या वाटेने वाचली तर सोपी होतात.

सगळ्यात जास्त गायलेले, सगळ्यात कमी ऐकलेले

‘भीमा तुझ्या मताचे’ हे गीत प्रत्येक मिरवणुकीत वाजते. आपण त्यावर नाचतो. पण त्याची वाक्यरचना पाहा. सगळे गीत ‘जर असते, तर असते’ या रूपात आहे. मराठीत हे रूप न घडलेल्या गोष्टीसाठी येते. बाबासाहेबांच्या मताची मोजकी माणसे तरी खरोखर असती तर चित्र वेगळे दिसले असते, म्हणजे ती नाहीत, अशी ही तक्रार आहे. बोलण्यातले आंबेडकर आणि वागण्यातले आंबेडकर यांतले अंतर ते दाखवते. रोख विरोधकांवर नाही, आपल्यावर आहे.

हे गीत जयघोष म्हणून ऐकले तर आपण सुटतो. तक्रार म्हणून ऐकले तर मान खाली जाते. आम्हाला दुसरे ऐकणे खरे वाटते. गटबाजी, देणगीचे हिशेब, निवडणुकीतल्या तडजोडी यांवर आपण भाषणे ऐकतो, आणि त्याच संध्याकाळी हे गीत लावून मोकळे होतो.

अर्थ लावताना पाच प्रश्न

१. बोलतो कोण? कवी, पात्र, की समाज?

२. कोणाशी बोलतो? बाबासाहेबांशी, व्यवस्थेशी, की आपल्याच माणसांशी?

३. गाणे कधीचे? १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेआधीचे की नंतरचे? ६ डिसेंबर १९५६ नंतरच्या गाण्यातली हाक पोरक्या लेकराची असते.

४. कोणत्या चालीवर, कोणत्या प्रसंगी? जयंतीचे गाणे आणि निवडणुकीच्या सभेतले गाणे सारखे ऐकू नये.

५. शेवटच्या कडव्यात नाव कुठे आणि कशासाठी आले आहे?

पाचवा प्रश्न आज सगळ्यात महत्त्वाचा आहे. मोबाईलवर फिरणाऱ्या तुकड्यांत आणि डीजेच्या मिश्रणात शेवटचे कडवे उडते. त्याबरोबर कवीचे नाव जाते आणि गाणे ‘पारंपरिक’ होऊन बसते. अक्षर शिकायला ज्याला पाट्या वाचाव्या लागल्या, त्याची सही आपण अशी पुसतो.

आम्ही मोरव्यात एवढेच ठरवले आहे. तालमीत प्रत्येक गाणे शेवटच्या कडव्यापर्यंत म्हणायचे आणि सुरू करण्याआधी कवीचे नाव सांगायचे. ज्यांच्या घरी वडीलधाऱ्यांच्या गाण्याच्या वह्या आहेत, त्यांनी त्या रद्दीत जाण्याआधी उतरवून घ्याव्यात, शेवटच्या कडव्यासह. त्या मुलाला आम्ही हे सगळे सांगितले. तो म्हणाला, “मग यंदा शेवटचं कडवं मी म्हणतो.”

जयभीम, नमो बुद्धाय.