पुंगळी काढली, आवाज वाढला आणि गाडी मंदावली

आमच्या आण्णांच्या येझदीला दोन सायलेन्सर होते. सिलिंडर एकच, पण धूर बाहेर जायला दोन नळ्या. लहानपणी मला वाटायचं, एक चालू आणि एक स्पेअर असणार.

आण्णा म्हणजे माझे मोठे काका. कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका कारखान्यात ते लेथवर काम करायचे. पाच-सहा महिन्यांतून एकदा, रविवारी सकाळी, ते अंगणात पोतं अंथरायचे आणि दोन्ही सायलेन्सर उतरवायचे. मागचा नट काढला की आतून भोकं पाडलेली एक नळी बाहेर यायची. तिला ते पुंगळी म्हणत. ती डांबरात बुडवून काढावी इतकी काळी असायची. मग जुन्या पत्र्याच्या डब्यात कॉस्टिक सोड्याचं पाणी, त्यात पुंगळ्या रात्रभर. आम्हा पोरांना त्या डब्याजवळ फिरकायलाही बंदी होती. "हात घातलास तर कातडं निघंल," एवढंच ते म्हणायचे. इंजिनचं हेड मात्र त्या पाण्यात कधीच जायचं नाही. हेड ॲल्युमिनियमचं असतं आणि कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियम खातो. त्यावरची काजळी ते बांबूच्या चिपेनं खरवडायचे, लोखंडी पेचकसानं नाही, कारण ओरखडा उठला की पुढची काजळी तिथेच धरते.

एवढा खटाटोप का, हे आजच्या गाड्या चालवणाऱ्यांना सांगावं लागेल. येझदी, राजदूत, लॅम्ब्रेटा, जुन्या बजाज स्कूटर, पुढे आरएक्स १०० या सगळ्या टू-स्ट्रोक. या इंजिनात ऑइल पेट्रोलबरोबरच आत जातं आणि बरोबरच जळतं, पण पूर्ण जळत नाही. उरलेलं सायलेन्सरमध्ये साचतं. नळी चोंदली की गाडी गुदमरते. म्हणून 'डीकार्बन' करणं हे घरातलं काम होतं, पंखा पुसण्यासारखं. ते गॅरेजला देणारे लोकही होते, पण आण्णांच्या पिढीत त्यांच्याकडे जरा दयेनं पाहिलं जायचं.

मी एकोणीस वर्षांचा असताना जुनी आरएक्स १०० घेतली आणि पहिल्याच आठवड्यात पुंगळी काढून माळ्यावर टाकली. कारण उघड होतं. आवाज. कॉलेजच्या गेटात शिरताना माना वळायच्या, मला वाटायचं गाडी पळतेय. जोतिबाच्या चढाला मात्र ती दम टाकू लागली. जिथे तिसऱ्या गियरवर जायची तिथे दुसरा टाकावा लागला. आण्णांनी एक चक्कर मारून बघितली, गाडी स्टँडला लावली आणि म्हणाले, "वरडाय लागली म्हणजे पळाय लागली व्हय रं?"

आवाज वाढला आणि ताकद घटली, हे कसं? उत्तर आण्णांना हातानं माहीत होतं, शब्दांत नव्हतं. मला ते खूप वर्षांनी सापडलं, पूर्व जर्मनीतल्या एका लहानशा गावाच्या इतिहासात.

चोपाऊचा माणूस

गावाचं नाव चोपाऊ. दुसऱ्या महायुद्धाआधी तिथे डीकेडब्ल्यू या कंपनीचा मोटारसायकलींचा मोठा कारखाना होता. युद्ध हरल्यावर त्यांचं आरटी १२५ हे मॉडेल सगळ्यांनी उचललं. ब्रिटनमध्ये त्याची बीएसए बँटम झाली, अमेरिकेत हार्लेनं त्याच्यावरून छोटी गाडी काढली आणि जपानात १९५५ साली यामाहानं आपली अगदी पहिली मोटारसायकल, वायए-१, त्याच नमुन्यावर बनवली. म्हणजे आरएक्स १०० ची पणजी चोपाऊची.

युद्धानंतर कारखाना पूर्व जर्मनीत गेला आणि एमझेड झाला. त्याच्या रेसिंग विभागाची सूत्रं १९५३ मध्ये वॉल्टर काडेन या इंजिनीअरकडे आली. पैसा बेताचा, चांगल्या धातूंची टंचाई. त्या काळात शर्यती जिंकायच्या त्या इटालियन फोर-स्ट्रोक गाड्या. टू-स्ट्रोक म्हणजे गरिबाचं धूर सोडणारं इंजिन, अशीच समजूत होती.

टू-स्ट्रोकची अडचण समजायला सोपी आहे. त्याच्या सिलिंडरला फोर-स्ट्रोकसारखे उघडझाप करणारे व्हॉल्व्ह नसतात. भिंतीलाच खिडक्या असतात आणि पिस्टन वरखाली होताना त्या उघडतो, झाकतो. जळका धूर बाहेर जाण्याची खिडकी उघडी असतानाच ताजं पेट्रोल-हवेचं मिश्रण आत येतं. साहजिकच त्यातलं काही धुराबरोबर थेट बाहेर निघून जातं. इंजिनचं पोट भरतच नाही.

काडेननं आपलं लक्ष धुराच्या नळीवर लावलं. खिडकी उघडली की धूर स्फोटासारखा नळीत घुसतो आणि त्याबरोबर दाबाची एक लाट निघते. नळी पुढे रुंद होत गेली तर तिथून उलटी, ओढणारी लाट परत येते आणि सिलिंडरमधला उरलेला धूर खेचून काढते. त्यापुढे नळी पुन्हा निमुळती होत गेली तर तिथून ढकलणारी लाट परतते आणि बाहेर निसटलेलं ताजं मिश्रण पुन्हा आत लोटते, नेमकं खिडकी बंद व्हायच्या आधी. पोट फुगलेल्या, दोन्हीकडे निमुळत्या अशा या नळीला एक्स्पान्शन चेंबर म्हणतात.

"नेमकं" हा शब्द इथे फार महत्त्वाचा. गणित करून बघा. इंजिन मिनिटाला ७,५०० फेरे घेत असेल तर एका फेऱ्याला लागतात ८ मिलिसेकंद. त्यातला साधारण निम्मा वेळ धुराची खिडकी उघडी. तापलेल्या धुरात लाट सेकंदाला सुमारे ५०० मीटर धावते. म्हणजे चार मिलिसेकंदांत दोन मीटर, जाऊन-येऊन. नळी जास्त लांब असेल तर लाट उशिरा पोचणार, आखूड असेल तर लवकर. काही सेंटिमीटरचा फरकही कळतो. काडेन ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर या लाटा बघत नळ्या कापायचा, जोडायचा, पुन्हा कापायचा. ही कल्पना एकट्या त्याची नव्हती, त्याच्या आधीही काहींनी असे प्रयोग केले होते. पण ती पूर्णत्वाला त्यानं नेली. १९६१ पर्यंत त्याचं १२५ सीसीचं इंजिन सुमारे २५ हॉर्सपॉवर देऊ लागलं. लिटरच्या हिशोबानं दोनशे. हा आकडा किती मोठा, हे बघायचं तर चोवीस वर्षांनी आलेली आपली ९८ सीसीची आरएक्स १०० ही ११ हॉर्सपॉवरची होती.

नळी ही इंजिनच्या बाहेरची वस्तू नाही, ती इंजिनचाच भाग आहे, हे काडेननं सिद्ध केलं होतं. मी माळ्यावर टाकली होती ती इंजिनाचीच एक वस्तू.

एका रात्रीत पळालेलं ज्ञान

१३ ऑगस्ट १९६१ ला बर्लिनची भिंत उभी राहायला सुरुवात झाली. त्यानंतर जेमतेम महिनाभरानं, सप्टेंबरात, स्वीडनमध्ये क्रिस्टियानस्टाडला शर्यत होती. काडेनचा मुख्य स्वार अर्न्स्ट डेग्नर १२५ सीसीच्या जगज्जेतेपदाच्या अगदी जवळ होता. शर्यतीत त्याचं इंजिन बंद पडलं. त्याच मुक्कामातून तो निसटला आणि पश्चिम जर्मनीत पोचला. त्याची बायको-मुलं मोटारीच्या डिकीत लपून आधीच सीमा पार झाली होती.

डेग्नर नुसता स्वार नव्हता, शिकलेला इंजिनीअरही होता. काडेनच्या इंजिनातलं त्याला सगळं ठाऊक होतं. तो गेला सुझुकीकडे. सुझुकीच्या गाड्या त्याआधीची दोन वर्षं युरोपात मागेच राहत होत्या. पुढच्याच वर्षी, १९६२ मध्ये, डेग्नरनं सुझुकीवर ५० सीसीचं जगज्जेतेपद मिळवलं. टू-स्ट्रोकचं ते पहिलं जगज्जेतेपद. फॉर्म्युला वन बघणाऱ्यांनी जपानच्या सुझुका ट्रॅकवरचं 'डेग्नर कर्व्ह' हे वळण ऐकलं असेल. ते याच माणसाच्या नावाचं.

पुढे काय झालं ते आकड्यांत दिसतं. १९७५ पासून २००१ पर्यंत ५०० सीसीच्या गटातलं प्रत्येक जगज्जेतेपद टू-स्ट्रोक गाडीनं जिंकलं. एमझेडला मात्र एकही मिळालं नाही. काडेन चोपाऊलाच राहिला आणि १९९६ मध्ये वारला.

डेग्नरला चोर म्हणायचं की भिंतीआड कोंडलेला बाप? मला दोन्ही बाजू कळतात. पण मन काडेनकडे जातं. कारण त्याचं सगळं काम आण्णांच्या अंगणातल्या कामासारखं होतं. हाताशी जे आहे ते उघडायचं, ऐकायचं, मोजायचं, थोडं बदलायचं, पुन्हा ऐकायचं.

भारतातल्या नळ्या

डेग्नर पळाला त्याच १९६१ मध्ये म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून गाड्या निघायला लागल्या. पुढे त्यांचंच नाव येझदी झालं. तो परवान्यांचा आणि प्रतीक्षायादीचा काळ. गाडीसाठी वर्षानुवर्षं थांबायचं आणि मिळाली की वीस वर्षं टिकवायची. घरच्या दुरुस्तीमागे हौस कमी आणि गरज जास्त होती. प्लग पाना, पॉलिश पेपर, फिलर गेज आणि चिंध्यांची पिशवी जवळपास प्रत्येक गाडीवाल्याकडे असायची.

१९८५ मध्ये दोन गाड्या आल्या. एस्कॉर्ट्सच्या कारखान्यातून यामाहाची आरएक्स १००, आणि हीरो होंडाची सीडी १००. पहिली टू-स्ट्रोक, हलकी, उधळणारी. दुसरी फोर-स्ट्रोक, शांत, कमी पिणारी. पोरांनी पहिलीवर प्रेम केलं, घरातल्या मोठ्यांनी दुसरी विकत घेतली. १९९६ साली धुराचे नियम कडक झाले. त्याच वर्षी आरएक्स १०० थांबली, आणि म्हैसूरचा कारखानाही बंद पडला. काडेनच्या मृत्यूचंही तेच वर्ष. योगायोगच, पण टू-स्ट्रोकचं युग संपल्याची खूण म्हणून मला तो लक्षात राहतो.

नियम चुकीचे होते असं मी म्हणणार नाही. टू-स्ट्रोक निम्मंअर्धं न जळलेलं पेट्रोल आपल्या फुप्फुसांत सोडायची. पण गाडीबरोबर अंगणातला रविवारही गेला. फोर-स्ट्रोकचा सायलेन्सर तसा चोंदत नाही, त्यामुळे उघडायचं कारणच उरलं नाही. एप्रिल २०२० च्या बीएस-६ नंतर तर सायलेन्सरच्या वाटेवर धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन मोजणारा सेन्सर बसले. सेन्सर जे सांगतो त्यावरून गाडीचा छोटा संगणक पेट्रोल किती सोडायचं ते ठरवतो. ती नळी काढून बाजारातली पोकळ नळी बसवली की कन्व्हर्टर जातो, संगणकाचा हिशोब बिघडतो आणि हातात उरतो फक्त आवाज.

आवाजाचं भांडणही जुनंच आहे. इंग्लंडमध्ये ब्रुकलँड्सच्या ट्रॅकशेजारचे रहिवासी १९२०च्या दशकात गोंगाटाविरुद्ध कोर्टात गेले आणि तिथे रेसच्या गाड्यांनाही मोठाले सायलेन्सर लावणं भाग पडलं. आपल्याकडे ८० ते १७५ सीसीच्या नव्या मोटारसायकलला ७७ डेसिबलची मर्यादा आहे, त्यावरच्या गाड्यांना ८० ची. डेसिबल दहानं वाढला की आवाजाची ऊर्जा दसपट होते, म्हणजे नव्वदवर गेलेली बुलेट 'थोडीशी जास्त' नसते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात बसत नसलेल्या प्रत्येक बदलाला मालकाला पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, सहा महिन्यांपर्यंत तुरुंगवासही. म्हणूनच रस्त्यावर सायलेन्सरची रांग मांडून त्यावर रोडरोलर फिरवल्याचे फोटो आपण अधूनमधून बघतो.

पुन्हा अंगणात

गेल्या वर्षी त्या रांगेत माझ्या भाच्याचा सायलेन्सर होता. सहा हजारांना घेतलेला. तो चिडला होता, आणि त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. "तुम्ही लोकांनी घरात इंजिनं उघडली, आम्ही एक नळी बदलली तर गुन्हा?"

मी त्याला विचारलं, "जुनी नळी उघडून बघितलीस का? आत काय आहे माहीताय?"

नव्हतं माहीत. नवीही त्यानं उघडली नव्हती. दुकानात त्यानं तीन नळ्यांचे आवाज ऐकले आणि सगळ्यात मोठा निवडला. एकोणीसाव्या वर्षी मीही हेच केलं होतं, फुकटात.

आण्णा आता ऐंशीच्या पुढे आहेत. रात्री झोप उशिरा लागते आणि रस्त्यावरून फटाके फोडत बुलेट गेली की दचकून उठून बसतात. येझदी कधीच विकली, माझी आरएक्स मात्र मागच्या शेडमध्ये आहे. एका रविवारी भाच्याला बोलावलं. पोतं अंथरलं, सायलेन्सर उतरवला. माळ्यावरची पुंगळी मी जोतिबाच्या त्या चढानंतर आठवडाभरात परत बसवली होती, तीच आज पुन्हा बाहेर आली, काळीकुट्ट. हातमोजे घालून आम्ही ती कॉस्टिकच्या पाण्यात ठेवली. आण्णा खुर्चीत बसून बघत होते. भाच्यानं हेडही त्याच डब्यात टाकायला उचललं, तेव्हा ते एवढ्या जोरात ओरडले की शेजारचे बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी सगळं जोडून किक मारली. तिसऱ्या किकला सुरू झाली. आण्णांनी डोळे मिटून कान दिला, मग भाच्याला म्हणाले, "आता कळतंय का, कुठं अडतंय ते?"

तो वाकून ऐकायला लागला.