काळविटाचे वय

चाकणच्या किंवा बेल्ह्याच्या बैलबाजारात सौदा ठरण्याआधी जनावराचे दात पाहिले जातात. दुधाचे दात असलेला तो आदत. समोरची पहिली जोडी पडून नवी आली की दुसा, दुसरी आली की चौसा, आणि चारही जोड्या भरल्या की जनावर जुळले. त्यानंतर दातांची झीज पाहून वयाचा अंदाज बांधायचा. शिरूर-दौंडकडच्या शेतकऱ्याला हे ज्ञान कुठल्या शाळेत मिळालेले नसते. पण त्याच्याच बांधापलीकडच्या माळावरचा चिंकारा, किंवा भीमा ओलांडून कर्जतच्या बाजूला दिसणारा काळवीट किती वर्षांचा, असे विचारले तर ‘जुना नर आहे’ यापलीकडे उत्तर मिळत नाही. रानातल्या जनावराचे तोंड उघडून पाहणार कोण?

हा प्रश्न माणसाने वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या साधनांनी सोडवू पाहिला आहे: कधी हाडावरून, कधी शिंगावरून, आणि गेल्या काही दशकांत आपोआप टिपल्या जाणाऱ्या छायाचित्रावरून. त्या प्रयत्नांचा एक धागा आपल्या घोड-भीमेच्या खोऱ्यातून जातो. तो धरून पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

हाडांची साक्ष

शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी ही या कामातली ठळक नावे. इ. स. पूर्व १६०० ते ७०० या नऊशे वर्षांत तिथे ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची वस्ती होती. माळवा, पूर्व जोर्वे आणि उत्तर जोर्वे असे तिचे तीन कालखंड मानले जातात. घरे, धान्याच्या कणग्या, पुरलेले रांजण यांची चर्चा पुष्कळ झाली. मात्र त्याच मातीतून निघालेल्या प्राण्यांच्या हाडांकडे सामान्य वाचकाचे लक्ष कमी गेले.

त्या हाडांत गाई-बैल आणि शेळ्या-मेंढ्या आहेत, तसाच काळवीटही आहे. म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वी घोडकाठचा माणूस एका हाताने बैल राखत होता आणि दुसऱ्या हाताने काळवीट मारत होता. उत्तर जोर्वे काळात पाऊसमान घटले, शेती खालावली, चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या आणि लोक पशुपालनाकडे व शिकारीकडे अधिक वळले, असे ढवळीकरांचे प्रतिपादन आहे. अवर्षणात माळावरच्या हरणाने माणसाला जगवले, असा त्याचा सरळ अर्थ निघतो.

पुरातत्त्वातल्या प्राणितज्ज्ञांची वय ओळखण्याची रीत बैलबाजारातल्या रीतीची सख्खी बहीण आहे. जबड्यात कोणता दात उगवला होता, कोणता उगवायचा होता, दाढांचे कंगोरे किती झिजले होते, लांब हाडांची टोके मधल्या दांड्याशी सांधली गेली होती का, हे पाहायचे. एका जबड्यावरून एका जनावराचे वय कळते. शंभर जबड्यांवरून माणसाचे वागणे कळते. कोवळी जनावरे मारली जात होती की कामाची होईपर्यंत राखली जात होती, हे हाडे सांगू शकतात. अडचण एकच: या रीतीने वय कळायला जनावर मेलेले असावे लागते.

फास आणि इंच

जिवंत काळविटाबद्दलचे आपल्याकडचे जुने ज्ञान शिकाऱ्यांकडे होते. धर्मशास्त्राने कृष्णसार मृग जिथे स्वभावतः वावरतो ती भूमी यज्ञाला योग्य मानली आणि त्याचे कातडे मुंजीच्या बटूला दिले. पण कृष्णसार काळा कधी होतो, हे जाणून घेण्याची गरज फास लावणाऱ्याला होती. ‘ऐन-ए-अकबरी’त पाळीव काळविटाच्या शिंगांना जाळे अडकवून त्याला रानातल्या नरासमोर सोडण्याची युक्ती नोंदवलेली आहे. दोघे भिडले की रानातला नर जाळ्यात गुंतायचा. ही युक्ती कोवळ्या नरावर चालत नाही. स्वतःची जागा राखणारा, परक्याला पाहताच अंगावर येणारा पक्का नरच तिला फसतो. वयाचे हे ज्ञान वर्षांत मोजलेले नाही, स्वभावात मोजलेले आहे.

आपल्याकडे हे ज्ञान फासेपारध्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपले. हरणाची वाट, त्याची बसायची जागा आणि विष्ठेचा ढीग यांवरून फास कुठे मांडायचा ते ठरे. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याची सावली पुढे पारध्यांवरही पडली. १९५२ साली विमुक्ती झाली, तरी कपाळावरचा शिक्का पुसला गेला नाही. त्यांच्याजवळचे रानाचे ज्ञान कुणी फारसे लिहून घेतले नाही. माळाच्या इतिहासातले हे मोठे नुकसान आहे.

दुसरीकडे कोल्हापूरसारख्या संस्थानांत शिकवलेल्या चित्त्यांकडून काळविटाची शिकार चालू होती, आणि बंदूकवाले साहेब शिंगे फुटपट्टीने मोजत होते. लंडनच्या रोलंड वॉर्ड या पेढीने १८९२पासून शिकारीच्या विक्रमांची पुस्तके काढली. त्यांत काळविटाची थोरवी इंचांत ठरे. लांब शिंग म्हणजे म्हातारा नर, हे समीकरण तिथून रुजले. ते अर्धेच खरे आहे. काळवीट आणि चिंकारा ही गाई-शेळ्यांच्या कुळातली जनावरे. त्यांचे शिंग म्हणजे हाडाच्या गाभ्यावरचे टिकाऊ कवच. ते गळत नाही. पहिल्या काही वर्षांत ते झपाट्याने वाढते, पीळ चढत जातात, पण नंतर वाढ मंदावते आणि झुंजीत टोके झिजतात. म्हणून चार वर्षांच्या आणि आठ वर्षांच्या नरांची शिंगे इंचांत सारखीच भरू शकतात.

शिंगावरचे प्रत्येक वलय म्हणजे एक वर्ष, अशीही समजूत गावोगाव ऐकू येते. चिंकाऱ्याच्या नराच्या शिंगावर पंधरा-वीस वलये सहज असतात. तेवढी वर्षे रानातला चिंकारा जगत नाही. समजूत तिथेच संपते.

दोरी, दिवा आणि डोळा

रानातल्या जनावराने स्वतःच स्वतःचे छायाचित्र काढावे ही कल्पना अमेरिकेत पुढे आली, आणि तिचे पहिले मोठे गिऱ्हाईक पांढऱ्या शेपटीचे हरीण होते. पेनसिल्व्हेनियाचे जॉर्ज शिरास हे वकील, पुढे काँग्रेसचे सदस्य. मिशिगनमधल्या तळ्यांवर रात्री होडीच्या नाकाशी दिवा ठेवून हरणे टिपण्याची स्थानिक आदिवासींची पद्धत त्यांनी उचलली आणि बंदुकीच्या जागी कॅमेरा धरला. पुढे वाटेवर दोरी ताणून ठेवली, की हरणाचा पाय लागताच प्रकाश व्हायचा आणि चित्र निघायचे. जुलै १९०६च्या ‘नॅशनल जिऑग्राफिक’मध्ये त्यांची सत्तरहून अधिक छायाचित्रे छापली गेली. भारतात संयुक्त प्रांतातले वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी दोरीच्याच तत्त्वावर वाघ टिपले. त्यांचे पुस्तक १९२७ साली आले.

चित्र मिळाले तरी वय कळेना. १९४९ साली न्यूयॉर्क राज्याच्या सेवेतले सी. डब्ल्यू. सेव्हरिंगहाउस यांनी पांढऱ्या शेपटीच्या हरणाचे वय दात उगवण्यावरून आणि झिजण्यावरून कसे ठरवावे, याची पद्धतशीर मांडणी केली. तिथले शिकारी आणि वनखाते आजही तिचा आधार घेतात. या हरणाची शिंगे हाडाची असतात, दरवर्षी गळतात आणि नवी फुटतात. त्यामुळे एका वर्षाचे शिंग मागच्या वर्षाबद्दल काही सांगत नाही. १९८०च्या दशकापासून तिथे कोवळे नर मारू नयेत, कळपात पोक्त नर राहावेत, असा विचार पसरला. मग जिवंत नराचे वय दुरून ओळखणे भाग पडले. त्यासाठी कॅमेऱ्यातल्या चित्रात अंगकाठी वाचू लागले. दीड वर्षाचा नर लांब पायांचा आणि बारीक दिसतो, तिसऱ्या-चौथ्या वर्षी छाती भरते, पाच-सहा वर्षांनंतर मान छातीत मिसळते, पोट लोंबते, पाठ किंचित खाली येते. बैल पारखणाऱ्याला यातले काहीच नवे वाटणार नाही.

भारतात १९९०च्या दशकात उल्हास कारंथ यांनी नागरहोळेत पट्ट्यांवरून एकेक वाघ ओळखून कॅमेऱ्याच्या आधारे त्यांची संख्या काढली. आपल्या शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी हेच तंत्र शेतमळ्यांत वापरले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात शंभर चौरस किलोमीटरला सुमारे पाच बिबटे आणि तितकेच तरस निघाले, आणि तेही चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे राहतात अशा मुलखात. शिरूरच्या बागायती गावांना ‘ट्रॅप कॅमेरा’ हा शब्द बिबट्यामुळेच परिचयाचा झाला. घोड आणि चासकमानच्या पाण्यावर ऊस वाढला, उसात बिबट्या राहू लागला आणि बांधाबांधावर वनखात्याचे कॅमेरे बसले. माळावरच्या हरणाच्या वाट्याला मात्र असे लक्ष क्वचितच येते.

माळावरची वाचणी

माळावर कॅमेरा लावणे वेगळे काम आहे. बांधायला झाड नसते, लोखंडी खुंटी ठोकावी लागते. हे कॅमेरे हलत्या उष्णतेवर चालतात. जनावराचे अंग आणि मागची जमीन यांच्या तापमानात फरक असावा लागतो. मे महिन्यात दौंडची जमीन दुपारी हरणाच्या अंगाइतकी किंवा त्याहून जास्त तापते, आणि समोरून गेलेले जनावर कॅमेऱ्याला कळतच नाही. उलट वाऱ्याने हलणारे तापलेले गवत त्याला जनावर वाटते. धनगराचा वाडा त्या वाटेने गेला की कार्डावर मेंढ्याच मेंढ्या. म्हणून जागा पारध्याच्या नजरेनेच निवडावी लागते. जागा राखणारा काळवीट ठरलेल्या ठिकाणी पुन्हा पुन्हा विष्ठा टाकतो. त्या ढिगाकडे तोंड करून लावलेला कॅमेरा तोच नर अनेकदा दाखवतो.

चित्रात वाचायचे काय? काळविटाचा नर जन्मतो पिवळट तपकिरी, मादीसारखाच. काही महिन्यांत शिंगाचे कोंब दिसतात, पहिल्या-दुसऱ्या वर्षात पीळ सुरू होतो, तिसऱ्या वर्षाच्या सुमारास अंग गडद होऊ लागते. पण रंगावर भिस्त ठेवता येत नाही. दक्षिणेकडचे नर पुष्कळदा पूर्ण काळे होतच नाहीत, आणि ऋतूनुसारही रंग उतरतो-चढतो. चिंकाऱ्यात तर मादीलाही बारीक शिंगे असतात, तेव्हा आधी नर-मादी नीट ठरवायला हवी. थोडक्यात, कॅमेरा पाडस, कोवळा नर आणि पक्का नर एवढे वर्ग भरवशाने सांगतो. पक्क्या नराचे नेमके वय कळण्याचा खात्रीचा मार्ग एकच: त्याला लहानपणापासून ओळखणे. फाटलेला कान, शिंगांमधले अंतर, तुटलेले टोक या खुणांवरून एकच नर वर्षानुवर्षे ओळखत गेलो, तर वय मोजावे लागत नाही. ते आपल्या नोंदवहीतच असते.

वयाने काय साधते?

१९७२च्या वन्यजीव कायद्याने काळवीट आणि चिंकारा या दोघांची शिकार बंद झाली. मग वय कळून उपयोग काय, असा प्रश्न रास्त आहे.

बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर बसून केलेली गणना एका रात्रीचा आकडा देते. वीस हरणे दिसली म्हणजे सगळे ठीक आहे असे नाही. त्या विसांत कोवळे नर आहेत का, पाडसे दुसरा पावसाळा पाहतात का, की मोकाट कुत्री त्यांना आधीच गाठतात, हे वयाच्या वर्गवारीशिवाय कळत नाही. नुसत्या पक्क्या जनावरांचा कळप आज भरलेला दिसेल आणि पाच वर्षांत रिकामा होईल.

दुसरा उपयोग जमिनीच्या बाजूने आहे. आपल्या सातबाऱ्यावर माळ म्हणजे पोटखराबा, फार तर गायरान. काही उगवत नाही, म्हणून ती रिकामी. जमीन हवी असली की आधी रिकाम्या जमिनीकडे बोट जाते. रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहती, वाढता ऊस, तारेची कुंपणे, गवत उकरून केलेली झाडांची लागवड, या सगळ्यांत माळाचे तुकडे होत गेले. संरक्षित म्हणावे असे तुकडे छोटे आहेत. दौंडला लागून सुप्याचे मयूरेश्वर अभयारण्य १९९७ साली झाले, ते सुमारे पाच चौरस किलोमीटरचे. भीमेपलीकडचे रेहेकुरी १९८० सालचे, जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचे. हरणे या रेघांच्या आत मावत नाहीत. बाहेरचा माळ टिकला तरच ती टिकतात.

अशा ठिकाणी आठ-नऊ वर्षे ओळखीचा असलेला एक नर हा कागदाइतकाच पक्का पुरावा आहे. तेवढी वर्षे तिथे गवत होते, पाणी होते, पळायला मोकळी जागा होती, हे त्याच्या जिवंत असण्यातून सिद्ध होते. महसुलाचा कागद जी जमीन रिकामी म्हणतो, तिच्यावर कुणीतरी आयुष्य काढले आहे, हे तारखेसह दाखवता येते.

त्यासाठी फार खर्च लागत नाही. कॅमेऱ्यातली कार्डे पुसली जाण्याआधी चित्रे तारीख-जागेसह एकत्र राखावीत. रस्त्यावर किंवा कुत्र्यांमुळे मेलेल्या हरणाचा खालचा जबडा वनखात्याच्या परवानगीने तालुक्याच्या ठिकाणी जपावा. ज्या वृद्ध पारध्यांना आणि धनगरांना माळ अजून आठवतो, त्यांचे म्हणणे त्यांच्या नावाने लिहून घ्यावे. इनामगावच्या मातीने तीन हजार वर्षे हाडे सांभाळली म्हणून आपल्याला त्या काळच्या अवर्षणाविषयी काही बोलता येते. आजच्या माळाविषयी पुढे कुणाला बोलायचे असेल, तर ते सांभाळण्याचे काम आत्ताच, आपल्यालाच करावे लागेल.