अंबरनाथचे शिवालय आणि उल्हासनगरचे दालपकवान

मोरिवलीच्या कारखान्यांमुळे अंबरनाथची औद्योगिक ओळख ठळक झाली असली, तरी या शहराचे खरे वैभव रेल्वेस्थानकाच्या पूर्वेस दोनेक किलोमीटरवर, वालधुनीच्या काठी उभे आहे. शिलाहार राजा छित्तराज याने आरंभिलेले हे शिवालय त्याचा भाऊ मुम्मुणि याच्या काळात पूर्णत्वास गेले, असे मानले जाते. मंदिरातील शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० हे वर्ष आहे. त्यामुळे त्यास सर्रास 'हेमाडपंती' म्हणणे चुकीचे ठरते. यादवांचा मंत्री हेमाद्री त्यानंतर दोन शतकांनी झाला. मंदिराची शैली भूमिज आहे.

मंडपातून सुमारे वीस पायऱ्या उतरून गाभाऱ्यात जावे लागते आणि खाली उभे राहून वर पाहिल्यास थेट आकाश दिसते, कारण शिखर आज अपूर्ण आहे. बाह्य भिंतींवरील मूर्ती मात्र घाईने पाहू नयेत. महाशिवरात्रीला येथे मोठी यात्रा भरते. मूर्ती न्याहाळण्यासाठी तो दिवस टाळलेलाच बरा.

शेजारच्या उल्हासनगरचा इतिहास अवघ्या पाऊणशे वर्षांचा. दुसऱ्या महायुद्धातील कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना वसविण्यात आले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते वसाहतीचे नामकरण झाले. 'कॅम्प नंबर' हे पत्ते त्या छावणीचीच खूण होत. घरदार गमावून आलेल्या या मंडळींनी सोबत आणली ती सिंधची चव. सकाळच्या न्याहारीचे दालपकवान म्हणजे मैद्याची कडक, पातळ पुरी, सोबत हरभऱ्याची डाळ, चिंचेची चटणी आणि बारीक चिरलेला कांदा. कांदा-मिरची घातलेली जाडसर कोकी प्रवासातही टिकते. सिंधी कढीत ताक नसते, हे मराठी खवय्यास प्रथम चकित करते. बेसन भाजून, चिंचेचा आंबटपणा देऊन त्यात शेवगा, भेंडी अशा भाज्या शिजवितात. बदलापूरपर्यंत जाणाऱ्यांनी हंगामात तेथील जांभळे अवश्य घ्यावीत.

या साऱ्याला जोडणारी वालधुनी मात्र काळवंडली आहे. कारखान्यांचे रासायनिक सांडपाणी आणि शहरांचा मैला तिच्यात मिसळत आला. २०१४ मध्ये पात्रात सोडलेल्या रसायनांमुळे उल्हासनगरातील शेकडो रहिवाशांना वायुबाधा होऊन रुग्णालयात न्यावे लागले होते. मंदिर केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. ज्या नदीमुळे त्याची जागा निवडली गेली असावी, तिच्या वाट्याला तसे संरक्षण आलेले नाही.